नवरीच्या पानातली लवकी

"तुम्ही नाही चव घेत?"

त्या मुलीनं हे इतक्या सहज विचारलं, की माझ्या हातातला डाव वाटीवरच थांबला.

अमरावतीत आमचं केटरिंगचं काम तेव्हा जोरात होतं. लग्नघरची माणसं स्वयंपाक ठरवायला आमच्याच घरी यायची. ओसरीत टेबल मांडायचं, त्यावर वाट्या ठेवायच्या. आलू-वांग्याची भाजी, फुलकोबी-वाटाणा, मठ्ठा, आणि पाटोडी, म्हणजे झणझणीत रश्शात सोडलेल्या बेसनाच्या वड्या. माणसं बोटं चाटत ठरवायची आणि जायची. त्या दिवशी निर्मलाबाई वानखडे आल्या होत्या, आणि सोबत त्यांची भाची केतकी. लग्न केतकीचंच. आई लहानपणीच गेली, मावशीनं वाढवलेली मुलगी. एका शाळेत गणित शिकवायची.

मावशींनी सगळ्या वाट्या रिकाम्या केल्या. केतकीनं एकीलाही हात लावला नाही. मी आग्रह करायला लागले तेव्हा तिनं उलटा मलाच प्रश्न टाकला.

"आमच्या घरी चव घ्यायचं काम ह्यांच्याकडे," मी दिवाकरकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. "माझ्यापेक्षा त्यांची जीभ चांगली."

दिवाकरनं मान डोलावली. हे उत्तर आमच्याकडे तयारच असायचं. गिऱ्हाईक हसायचं आणि विषय संपायचा. केतकी हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग मावशींनीच तोंड उघडलं.

"कुंदाताई, आता तुमच्यापासून काय लपवायचं? हिचं पोट फार नाजूक आहे."

"मावशी!"

"अगं, त्या वाढणार आहेत. त्यांना नको सांगू तर कोणाला सांगू?" मावशी माझ्याकडे वळल्या. "सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणतात, आतड्यात काही बिघाड नाही, आतडंच चिडकं आहे. भाजी खाल्ली की पोट फुगते, कळा येतात, धावपळ होते. पोरीनं भाजीच सोडली. वरणाचं पाणी, भात आणि बिस्किटं. वाळून चालली बघा."

"आणि सासर?" दिवाकरनं विचारलं.

"वरुडकडचं. संत्र्याचे बगीचेवाले. खाण्यात एक नंबर! साखरपुड्याला हिनं नुसता भात चिवडला, तर नवऱ्या मुलाची आत्या सगळ्यांसमोर म्हणे, पोरीले काही आजार तर नाही ना?"

केतकी खाली मान घालून टेबलाच्या कडेवर नख ओढत होती. "सारंगला माहीत आहे," नवऱ्या मुलाचं नाव घेत ती हळूच म्हणाली. "त्याच्या घरच्यांना नाही. लग्नाच्या पंगतीत सगळे माझ्याच पानाकडे बघणार. मला एवढंच पाहिजे, की चारचौघींसारखं जेवता यावं. कोणाच्या लक्षात न येता."

"होईल," मी म्हणाले.

दिवाकरनं माझ्याकडे चमकून पाहिलं. कारण जे केतकीचं होतं, तेच माझं होतं, आणि हे डॉक्टर सोडले तर आमच्या घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं.

मला बाळंतपणानंतर विषमज्वर झाला होता. ताप उतरला, पण पोट पहिल्यासारखं झालंच नाही. डॉक्टरांनी त्याला इंग्रजीत तीन शब्दांचं नाव दिलं. सासूबाईंनी एका शब्दात सांगितलं, नखरे. एकदा पत्ताकोबीनं रडवलं, एकदा वांग्यानं, एकदा चवळीच्या शेंगांनी. मग मी एकेक करत सगळ्याच भाज्यांना रामराम केला. आलू, भात आणि मठ्ठ्याऐवजी जिऱ्याचं पाणी. चाळीस माणसांची पंगत असो की चारशेची, मी कढईवर वाकून वासावरून मीठ ओळखायची. गिऱ्हाइकाला हे कळलं असतं तर? ज्या केटररीणबाईला स्वतःच्याच हातची भाजी पचत नाही, तिच्या हातची भाजी आपल्या वऱ्हाडाला कोण खाऊ घालणार?

पाहुण्या गेल्यावर दिवाकर म्हणाला, "होईल म्हणाली खरी. पण त्या पोरीला काय चालते अन् काय नाही, कसं कळेल?"

"खाऊन."

"कोण खाणार?"

मी वाट्या उचलायला लागले. त्याला उत्तर कळलं. माझ्या हातातल्या वाट्या घेऊन तो स्वतः आत गेला.

केतकी नागपूरच्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आली होती. त्यांनी सांगितलेलं तिला सगळं पाठ होतं, फक्त करायचा धीर नव्हता. शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे यायला लागली. मी भाजी चिरायची, ती समोर स्टुलावर बसून शिकवल्यासारखं सांगायची.

"एका वेळी एकच भाजी. थोडीशी. साल काढून, बिया काढून, चांगली मऊ शिजवून. दोन-तीन दिवस बघायचं. नाही त्रास झाला तर जरा जास्त. त्रास झाला तर ती बाजूला ठेवायची आणि पोट शांत झालं की पुढची."

"आणि कांदा-लसूण?"

"तेच मोठे गुन्हेगार. भाजी बिचारी उगीच बदनाम होते, म्हणाल्या त्या. भाजीपेक्षा फोडणीनंच पोट बिघडवलेलं असतं."

मी चिरता चिरता थांबले. इतक्या वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. वांग्यानं मला रडवलं होतं, असं मी धरून चालले होते. त्या वांग्यात मूठभर लसूण होता, हे मला तेव्हा आठवलं.

पहिली निघाली लवकी. पुण्या-मुंबईकडे जिला दुधी म्हणतात ती. साल काढली, गर काढला, हिंग-जिऱ्याची फोडणी, आल्याचा कीस, मऊ शिजवली आणि वरून भरपूर सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. बाहेरगावचे पाहुणे 'सांबार घाला' ऐकून इडली शोधतात, तो भाग वेगळा.

दुपारी घरात कोणी नसताना मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, एका वाटीत चार फोडी घेतल्या आणि पहिली तोंडात टाकली.

लवकीला चव नसते असं म्हणणाऱ्यांनी बरीच वर्षं भाजीशिवाय काढून बघावीत. मी ती फोड जिभेवर इतका वेळ धरून ठेवली की विरघळूनच गेली. मग चारही खाल्ल्या आणि पोटावर हात ठेवून बसले, बॉम्ब ठेवलेल्या गाडीत बसल्यासारखी. संध्याकाळ झाली. काही नाही. दुसरा दिवस गेला. काही नाही.

मग कोहळं. तेही निभावलं. दोडका, शिरा काढून. निभावला. साल काढलेलं, बिया काढलेलं वांगं, आलूबरोबर. ह्या वांग्याच्या वेळी मी देवापुढे दिवा लावला होता, पण वांग्यानं शब्द राखला. लसणाचा प्रश्न केतकीनंच सोडवला. आख्ख्या पाकळ्या तेलात तळायच्या, लाल झाल्या की सगळ्या काढून टाकायच्या. वास आणि चव तेलात राहते, त्रास देणारं पाकळीबरोबर जाते. "पण पाण्यात नाही चालणार," ती बजावून म्हणाली. "रश्शात उकळला की सगळा उतरतो." कांद्याचंही तसंच. पातीचा नुसता हिरवा भाग घ्यायचा, पांढरा शेजारणीला द्यायचा.

सगळंच काही गोड झालं नाही. फुलकोबीची पाळी आली त्या दिवशी एका बारशाचं काम होतं. सकाळी मोठ्या हिमतीनं मी दोन तुरे जास्तच खाल्ले. दुपारी पाळण्याभोवती बायका 'कुर्रर्र' करत होत्या आणि माझं पोट त्यांच्यापेक्षा मोठ्यानं. मी त्या घराच्या मागच्या न्हाणीत जाऊन बसले ती बाळाचं नाव ठेवून झाल्यावरच बाहेर आले. आजही त्या मुलाचं नाव काय ते मला माहीत नाही.

"फुलकोबी बाद," मी संध्याकाळी केतकीला सांगितलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अं... ह्यांनी खाऊन पाहिली."

"दिवाकरकाकांनाही त्रास होतो?"

"फार," मी म्हणाले. दाराशी उभ्या असलेल्या दिवाकरनं लगेच पोटावर हात ठेवून तोंड वाकडं केलं. त्या माणसानं आयुष्यात कधी साधी पोटदुखी पाहिलेली नव्हती. दगड पचवणारं पोट. पण केतकी जाईपर्यंत तो कण्हत राहिला.

तीही हळूहळू खायला लागली. आधी माझ्या स्वयंपाकघरात, मग घरी. तिच्या गालांवर रंग यायला लागला. एकदा म्हणाली, "काकू, एक गंमत बघा. इथं बसून तीच भाजी खाल्ली तर काही होत नाही. शाळेत स्टाफरूममध्ये डबा उघडला, चार जणींनी वाकून पाहिलं, की नुसत्या भातानंही पोट दुखते."

मला पटलं. मलाही स्वयंपाकघराचं दार लोटल्याशिवाय घास जात नव्हता. पण मी नुसतं 'हो का' म्हटलं.

लग्न उन्हाळ्यात, भर दुपारचं. मांडवात कूलरची घरघर, वऱ्हाड वरुडहून दोन बस भरून आलेलं. मागे चुलाणांवर आमचे आचारी घामानं न्हालेले. मी एका लहान झाकणाच्या भगोण्यात केतकीसाठी लवकी, दुसऱ्यात लसणाच्या तेलातली आलू-वांग्याची भाजी वेगळी ठेवली होती. बेत असा होता, की नवरा-नवरीच्या पंगतीत नवरीला फक्त दिवाकर वाढणार. वरून सांबार पेरल्यावर लवकी काय आणि फुलकोबी काय, सारख्याच दिसणार. कोणाला संशय यायचं कारण नाही.

पंगत बसली. चौरंग, रांगोळी, उदबत्त्या. मधोमध सारंग आणि केतकी, एका बाजूला सारंगचे आजोबा, त्यांना सगळे आबाजी म्हणायचे. पांढरा फेटा, आवाज असा की माइक लागत नव्हता. दुसऱ्या बाजूला त्यांची मुलगी, साखरपुड्याला बोललेली ती बेबीआत्या. मी मठ्ठ्याच्या पिंपाजवळ उभी राहून बघत होते.

दिवाकरनं ठरल्याप्रमाणे वाढलं. सारंगनं नाव घेतलं, घास भरवला. केतकीनं नाव घेतलं. ती जेवायला लागली. लवकीचा घास, मग वांग्याचा. माझ्या छातीवरचा दगड उतरायला लागला होता, तेवढ्यात बेबीआत्या उठल्या. आमच्या वाढप्याच्या हातातली बादली त्यांनी काढून घेतली.

"नवरीच्या पानात पाटोडी नाही? हे कसं वाढणं झालं!"

"वाढतो जी, वाढतो," दिवाकर मध्ये धावला. "मी वाढतो."

"तुम्ही राहू द्या. घरच्या सुनेला घरच्या माणसानं वाढावं." आणि त्यांनी दोन डाव रस्सा केतकीच्या पानात ओतला. लाल तर्री, लसणाचे तुकडे, वर तरंगणाऱ्या बेसनाच्या वड्या. रस्सा पसरत लवकीत शिरला.

"खा बेटा," आबाजी म्हणाले. "पाटोडी आपल्या घरचा मान हाय."

सगळी पंगत थांबून बघायला लागली. व्हिडिओवाल्यानं दिवा जवळ आणला. सारंगनं तोंड उघडलं, "आबाजी, तिला..." पण केतकीनं त्याला कोपरानं थांबवलं. तिनं पोळीचा तुकडा तोडला, रश्शात बुडवला आणि उचलला. तिचा चेहरा मला ओळखीचा होता. चारचौघांत 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून पुढचे दोन दिवस कळा सोसायचं ठरवलेलं असतं, तेव्हा चेहरा असा होतो.

मी पुढे कधी गेले ते मला कळलंच नाही. मठ्ठ्याचा डाव हातातच होता.

"थांब," मी म्हणाले. "तो घास ठेव खाली."

केतकीनं वर पाहिलं. बेबीआत्यांनीही पाहिलं.

"हिला पाटोडी चालत नाही," मी म्हणाले. "लसूण, कांदा, बेसन, काहीच चालत नाही. पोटाला त्रास होतो."

"त्रास?" बेबीआत्यांचा आवाज चढला. "कायचा त्रास? मी तर साखरपुड्यालेच म्हटलं होतं! अन् हे तुमाले कसं माहीत?"

सगळी पंगत माझ्याकडे वळली. मागून आचारीही वाकून बघायला लागले. मी दिवाकरकडे पाहिलं. त्याच्या हातात भगोणं होतं आणि तो हलकेच मान हलवत होता. 'नको' म्हणत होता की 'सांग' म्हणत होता, मला आजवर कळलेलं नाही. मी त्याला विचारलंही नाही.

"कारण मलाही तोच त्रास आहे," मी म्हणाले. "माझी पोरगी आता पहिलीत आहे, ती झाली तेव्हापासूनचा. हा काही मरायचा आजार नाही, लागायचाही नाही. आतडं चिडकं असतं, त्याला काही गोष्टी आवडत नाहीत. बस."

"तुमाले?" बेबीआत्या डोळे मोठे करून बघायला लागल्या. "तुमालेच पचत नाही, अन् आमाले खाऊ घालून राहिल्या?"

पंगतीत कुजबुज उठली. ज्या वाक्याला मी इतकी वर्षं घाबरत होते, ते शेवटी चारशे माणसांसमोर कोणीतरी म्हटलं होतं. माझ्या पोटात कळ आली. खरंच आली.

"खाऊ घालून राहिली खरी," दिवाकर पुढे येऊन म्हणाला. "पण चव मी घेतो. मीठ कमी-जास्त झालं असेल तर शिव्या मला द्या."

कोणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कोणी. आबाजी मात्र हसले नाहीत. ते केतकीच्या पानाकडे बघत होते.

"मंग हे काय खाते?"

"लवकी," मी म्हणाले. "कोहळं, दोडका. वांगं साल काढून."

"लवकी? लग्नात?"

"चाखून बघा."

दिवाकरनं भगोण्यातली लवकी त्यांच्या पानात वाढली. आबाजींनी बोटानं एक फोड उचलली. सगळा मांडव त्यांच्या जबड्याकडे बघत होता. त्यांनी सावकाश चावली, गिळली, मिशा पुसल्या.

"लवकी ते लवकीच," ते म्हणाले. "पण घशाखाली उतरते." मग त्यांनी बेबीआत्यांकडे पाहिलं. "मले साखर नाही चालत. तुह्या भावाले दूध नाही चालत. तुह्या नवऱ्याले वांगं खाल्लं का खाज सुटते. हिले लसूण नाही चालत. त्यात एवढं काय? पान बदला पोरीचं अन् वाढा समोर!"

बस. एवढंच. पंगत पुन्हा सुरू झाली. पोळ्यांच्या टोपल्या फिरल्या, बुंदीवरून भांडण झालं, व्हिडिओवाला दुसरीकडे गेला. मी आणि केतकी एकमेकींकडे बघत राहिलो. कूलरसमोरही आम्हा दोघींना घाम फुटला होता.

तिनं नवं पान येताच शेजारची जागा हातानं झटकली. "काकू, बसा."

"वेडी का तू? केटरर कधी पंगतीत बसतो?"

"फुलकोबी दिवाकरकाकांनी खाल्ली होती ना?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. "इतके दिवस मला वाटलं, अशी मी एकटीच. आता बसा."

सारंग सरकला. मी डाव वाढप्याच्या हातात दिला आणि बसले. माझ्या पुढ्यात पान आलं. दिवाकरनं वाढलं. पहिला घास मी पदराआड घेतला, कारण दार लोटलेलं नव्हतं आणि सगळं वऱ्हाड समोर होतं. दुसऱ्या घासाला पदर खाली आला. तिसऱ्याला मी वांगं मागून घेतलं.

संध्याकाळी माझं पोट थोडं दुखलं. एवढं काही झाल्यावर कोणाचंही दुखलं असतं. केतकीचा दुसऱ्या दिवशी फोन आला, ती ठीक होती. पुढे महिन्यातच आमच्याकडे लोक येऊन हळूच विचारायला लागले, 'ते लसणाच्या तेलातलं करून द्याल का, घरात एकजण आहे.' प्रत्येक घरात एकजण होताच. एखादं काम सुटलं असेल, मला आठवत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं. जेवण झालं, मी हात धुवायला मांडवामागच्या नळावर गेले. पाठोपाठ बेबीआत्या आल्या. मला वाटलं, आता उरलेलं ऐकायला मिळणार. मी पदर खोचून तयार राहिले.

त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. नळ मोठा सोडला, म्हणजे आवाज झाकला जाईल. आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या,

"त्या लवकीत हिंग किती टाकला जी?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"तसं पाहू नका. पाटोडी झाली का माही रात्र सारी जागरणात जाते," त्या पुटपुटल्या. "आमच्या घरी सांगायची सोय नाही. आबाजी अशे. आजवर खात आली अन् सोसत आली." मग जरा थांबून, "आज पोरीले म्हणाले ते, त्यात एवढं काय. मी ऐकलं."

मी त्यांना सगळं सांगितलं. साल, बिया, लसणाचं तेल, पातीचा हिरवा भाग. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, नळ बंद केला, ओले हात पदराला पुसले आणि ताठ मानेनं मांडवात गेल्या. दुसरी पंगत बसत होती. वरातीच्या कामात राहिलेली माणसं जेवायची होती. बेबीआत्या त्यांच्यात जाऊन बसल्या, जणू मघाशी जेवल्याच नव्हत्या.

वाढपी पाटोडीची बादली घेऊन त्यांच्यासमोर वाकला. आत्यांनी पानावर आडवा हात धरला आणि आबाजींना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"पाटोडी नको रे मले. ती लवकी आण इकडं!"